‘डेटाबेस इज लॉक्ड’ आला की आधी घड्याळ बघा, मग कोड : एसक्यूलाइटचं लॉकिंग सोडवायची पद्धत

सकाळी पावणेसातला फोन. गावच्या दूध संकलन केंद्रावरनं. "दादा, म्हशीच्या काट्यावर पावती निघंना, लगेच लाल बॉक्स येतोय. गाईच्या काट्यावर निघतीय, पण लई वेळ लावून." मागं किटल्यांचा आवाज, कुणीतरी ओरडतंय. मी अर्धवट झोपेत म्हणालो की प्रोग्राम बंद करून परत चालू करा. केला, चाललं. दुसऱ्या दिवशी परत पावणेसातला फोन.

तेव्हा कळलं नव्हतं, पण त्या माणसाने अख्खं निदान फोनवरच दिलं होतं. एका काट्यावर एरर ‘लगेच’ येतोय आणि दुसऱ्यावर ‘वेळ लावून’ काम होतंय, ह्या दोन शब्दांत सगळं होतं. मी मात्र पुढचे चार दिवस गूगल करत टाइमआउट (लॉक सुटायची किती वेळ वाट बघायची तो आकडा) ५ सेकंदांचा ३०, मग ६० करत बसलो, आणि म्हशीचा काटा आपला लगेच एरर देतोय तो देतोयच.

सेटअप साधा होता. जुना पीसी, त्यावर उबंटू, पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्राम, डेटा एसक्यूलाइटच्या (वेगळा सर्व्हर न लागता अख्खा डेटाबेस एका फाइलमध्ये ठेवणारी लायब्ररी) एका फाइलमध्ये. गाईचा काटा एक प्रोसेस, म्हशीचा दुसरी, शेतकऱ्याला लिटर-फॅटचा एसएमएस पाठवणारी तिसरी. तिघांची फाइल एकच. (खाली कमांड्स मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.)

आधी एरर नीट वाचा, ते दोन वेगळे आहेत

‘डेटाबेस इज लॉक्ड’ म्हणजे कोड ५, बिझी. दुसऱ्या कुठल्यातरी कनेक्शनने फाइल धरून ठेवलीय. ‘डेटाबेस टेबल इज लॉक्ड’ म्हणजे कोड ६, आणि इथे भांडण बहुतेक वेळा तुमच्या स्वतःच्याच कनेक्शनच्या आत असतं, म्हणजे एका टेबलावर सिलेक्ट अर्धवट चालू आहे आणि त्याच कनेक्शनवरनं तुम्ही तेच टेबल ड्रॉप करायला गेलात. कोड ६ वर टाइमआउट वाढवून काही होत नाही, स्वतःचीच वाट किती वेळ बघणार? शेअर्ड कॅश मोड (एकाच प्रोसेसमधली कनेक्शन्स एकच कॅश वापरतात तो) चालू केला असेल तरीही ६ येतो, त्यावर माझं मत एवढंच की तो मोड बंद करा, आता खुद्द एसक्यूलाइटवालेही तो वापरू नका म्हणतात.

कोड ५ चे पोटप्रकारही असतात आणि त्यातला ५१७ लक्षात ठेवाच, बिझी स्नॅपशॉट (म्हणजे काय ते खाली वॉलच्या भागात येतंय). पायथन ३.११ पासून एक्सेप्शनवर एसक्यूलाइट_एररकोड आणि एसक्यूलाइट_एररनेम मिळतात, ते लॉगमध्ये टाका. नुसता मेसेज लॉग केलात तर ५ आणि ५१७ सारखेच दिसतात.

आता घड्याळ

प्रत्येक राइटच्या आधी वेळ घ्या, एरर आल्यावर परत घ्या, फरक लॉगमध्ये लिहा. दोन ओळींचं काम आहे, आणि पुढचा सगळा रस्ता ह्या आकड्यावर ठरतो.

आकडा तुमच्या टाइमआउटएवढाच येतोय, म्हणजे ५ सेकंद ठेवलेत आणि ५.०-५.१ ला एरर, तर कुणीतरी लॉक जास्त वेळ धरून बसलंय, त्याला शोधा. आकडा शून्याच्या आसपास आला तर दोनच शक्यता, एक तर ह्या कनेक्शनला टाइमआउट लागूच नाहीये, किंवा लागू असूनही एसक्यूलाइटने मुद्दाम वाट बघितली नाही. ही दुसरी शक्यताच लोकांना माहीत नसते. मलाही नव्हती.

पहिली आधी तपासून मोकळे व्हा. टाइमआउट फाइलमध्ये सेव्ह होत नाही, तो प्रत्येक कनेक्शनचा आपापला असतो. सी मधून थेट वापरलंत तर डीफॉल्ट शून्य, पायथनचं मॉड्यूल स्वतःहून ५ सेकंद देतं, बाकी लायब्ररींचं आपापलं. ज्या कनेक्शनला एरर येतोय त्याच्यावरच ‘प्राग्मा बिझी_टाइमआउट’ चालवा (प्राग्मा म्हणजे एसक्यूलाइटची सेटिंग बघायची-बदलायची कमांड), आकडा परत मिळतो. पूल (उघडून ठेवलेल्या कनेक्शन्सचा साठा) वापरत असाल तर पूलमधलं प्रत्येक नवीन कनेक्शन उघडताना तो सेट होतोय का ते बघा, कारण पहिल्यावर सेट आणि बाकी चारांवर शून्य असला प्रकार मी दोनदा पाहिलाय.

आणि हो, टाइमआउट म्हणजे रांग नव्हे. आपल्याला वाटतं रेशनच्या दुकानासारखं आहे, आधी आला त्याचा नंबर आधी. तसं काही नसतं. वाट बघणारा १ मिलिसेकंद झोपतो, उठून बघतो, मग २, ५, १०, १५, २०, २५, असं वाढत शेवटी दर १०० मिलिसेकंदांनी डोकावतो. तो झोपलेला असताना लॉक सुटलं आणि तिसरा कुणी येऊन घेऊन गेला तर हा बसला परत झोपून. म्हणून गर्दी असली की एखाद्याच बिचाऱ्याला सारखा टाइमआउट होतो आणि बाकीचे मजेत असतात.

लगेच येणारा एरर : हा खरा चोर

म्हशीच्या काट्यावर हाच होता. माझा कोड असा, वरती हाताने लिहिलेलं साधं ‘बिगिन’ (इथून व्यवहार, म्हणजे ट्रान्झॅक्शन, सुरू), मग सिलेक्ट करून आजचा शेवटचा पावती नंबर काढायचा, त्यात एक मिळवायचा, मग इन्सर्ट, मग कमिट (बदल पक्के). दिसायला एकदम बरोबर.

साधं बिगिन म्हणजे बिगिन डिफर्ड. त्या क्षणी कुठलंच लॉक घेतलं जात नाही. सिलेक्ट केलं की शेअर्ड लॉक लागतं, ते एकाच वेळी कितीही जणांना मिळतं. इन्सर्ट आला की रिझर्व्ह्ड लागतं, ते एका वेळी एकालाच. आणि कमिटच्या वेळी खरी फाइल लिहायची तर आधी पेंडिंग, म्हणजे नवीन वाचणारे बंद, आणि जुने वाचणारे सगळे बाहेर पडले की एक्सक्लुझिव्ह. हे जुन्या, रोलबॅक जर्नलवाल्या मोडचं (त्यात व्यवहार मागे घ्यायची माहिती शेजारच्या डॅश-जर्नल फाइलमध्ये राहते). माझा तोच होता, कारण मी काही बदललंच नव्हतं.

आता पावणेसातची गर्दी डोळ्यासमोर आणा. गाईचा काटा बिगिन, सिलेक्ट, शेअर्ड मिळालं. म्हशीचा काटा बिगिन, सिलेक्ट, त्यालाही शेअर्ड. गाय इन्सर्ट, रिझर्व्ह्ड मिळालं. म्हैस इन्सर्ट, रिझर्व्ह्ड पाहिजे, ते गाईकडे. आणि गाईला कमिट करायचं तर म्हशीने शेअर्ड सोडायला पाहिजे. म्हणजे म्हैस गाईसाठी थांबणार, गाय म्हशीसाठी थांबणार, आणि किटल्या तशाच. एसक्यूलाइटला हे समजतं, म्हणून आधीच वाचनात असलेला व्यवहार लिहायला उठला आणि जागा रिकामी नसली तर टाइमआउटकडे न बघता तिथल्या तिथे बिझी देऊन मोकळं होतं. तुम्ही ६० सेकंद लावा नाहीतर ६०० लावा.

मग गाईची पावती ‘वेळ लावून’ का निघत होती? तर माझा लाल बॉक्स. म्हशीच्या काट्यावर एरर आला की बॉक्स उघडायचा आणि माणसाने ओके दाबल्यानंतर रोलबॅक व्हायचं, म्हणजे व्यवहार मागे घेतला जायचा. तोपर्यंत शेअर्ड लॉक तसंच. तिकडचा पोरगा फॅट मोजून हात पुसून ओके दाबेपर्यंत तीन सेकंद जायचे, तेवढे तीन सेकंद गाय कमिटला अडकलेली. पाचच्या वर गेले की तिकडेही एरर. एरर बॉक्सच लॉक धरून बसला होता, काय बोलायचं.

उपाय: लिहायचंय हे आधीच माहीत असेल तर ‘बिगिन इमिजिएट’. रिझर्व्ह्ड सुरुवातीलाच मागितलं जातं, तेव्हा हातात काहीच धरलेलं नसतं, म्हणून टाइमआउट नीट लागू होतो आणि दुसरा निमूट थांबतो. पायथनमध्ये आयसोलेशन_लेव्हल नन ठेवून हाताने बिगिन इमिजिएट लिहा, मला हेच आवडतं कारण डोळ्याला दिसतं, किंवा आयसोलेशन_लेव्हललाच इमिजिएट द्या. जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) वापरत असाल तर ५.१ पासून डेटाबेसच्या ऑप्शन्समध्ये ट्रान्झॅक्शन_मोड इमिजिएट करता येतं. त्याआधीच्या व्हर्जन्सवर लोकांनी ह्यासाठी काय काय जुगाड केलेत ते विचारू नका.

रिट्राय लिहिणार असाल तर एक सांगतो. लगेच बिझी आला की तोच इन्सर्ट परत परत मारून उपयोग नाही, शेअर्ड तर तुम्हीच धरलंय. रोलबॅक करा आणि सिलेक्टपासून अख्खा व्यवहार परत चालवा. रोलबॅक आधी, बॉक्स नंतर.

त्याहून बरं म्हणजे वाचा-मग-लिहा हा प्रकारच काढून टाका. कमाल नंबर अधिक एक हे इन्सर्टच्या आतच सिलेक्ट करून करता येतं, आणि एसक्यूलाइट ३.३५ पासून, म्हणजे २०२१ पासून, रिटर्निंग आहे, तयार झालेला नंबर त्याच स्टेटमेंटमधून परत मिळतो.

टाइमआउट पूर्ण होऊन येणारा एरर : कोण धरून बसलंय?

इथे अंदाज मारू नका, बघायची सोय आहे. ‘एलएसओएफ’ किंवा ‘फ्यूझर’ला फाइलचं नाव दिलं की ती कुणी कुणी उघडलीय ते कळतं. पण उघडणं म्हणजे धरणं नव्हे. लिनक्सवर प्रॉक फोल्डरमधली ‘लॉक्स’ ही फाइल वाचा, त्यात प्रत्येक लॉकची पीआयडी (प्रोसेसचा नंबर), फाइलचा आयनोड (सिस्टीमने फाइलला दिलेला नंबर) आणि कुठल्या बाइटपासून कुठल्या बाइटपर्यंत ते सगळं असतं. एसक्यूलाइट रोलबॅक मोडमध्ये फाइलच्या बरोबर १ जीबीच्या खुणेवर लॉक्स घेतं. १०७३७४१८२४ हा पेंडिंगचा बाइट, १०७३७४१८२५ रिझर्व्ह्डचा, आणि १०७३७४१८२६ पासून पुढचे ५१० बाइट शेअर्डचे. फाइल चार एमबीची असली तरी हेच, तिथे खरा डेटा असायची गरज नसते. १०७३७४१८२५ वर राइट लॉक ज्या पीआयडीचं, तोच लिहून अडकलेला. शेअर्डच्या पट्ट्यात रीड लॉक असलेला, तो वाचत बसलेला. वॉल (राइट-अहेड लॉग, खाली सांगतोय) मोडमध्ये हे लॉक्स शेजारच्या डॅश-एसएचएम फाइलवर दिसतात, १२० वा बाइट लिहिणाऱ्याचा, १२१ वा चेकपॉइंटचा (वॉलमधले बदल मूळ फाइलमध्ये नेणं), १२३ ते १२७ वाचणाऱ्यांचे. हे एकदा वाचता आलं की अंधारात चाचपडणं थांबतं.

सापडतं काय, तर बहुतेक वेळा खालच्यापैकी एक.

फाइल बघायला उघडलेला डीबी ब्राउझर, त्यात एक सेल बदललाय आणि ‘राइट चेंजेस’ दाबलेलं नाही. तो व्यवहार उघडाच आहे. विंडो मिनिमाइझ करून तुम्ही चहाला गेलात.

कमिट विसरलेला पायथन कोड. इन्सर्ट, अपडेट, डिलीटच्या आधी मॉड्यूल स्वतःहून बिगिन करतं पण कमिट स्वतःहून करत नाही, आणि विथ ब्लॉक वापरलात तर तो कमिट करतो पण कनेक्शन बंद करत नाही. कमिटच्या आधी मध्येच एक्सेप्शन उडालं की लॉक लटकलं.

आणि माझा एसएमएसवाला. तो न पाठवलेल्या नोंदींवर सिलेक्ट करून कर्सरवरच लूप फिरवत होता, एक ओळ घे, एसएमएस पाठव, पुढची ओळ घे. रेंज गेली की एकेक एसएमएस दहा-दहा सेकंद, आणि तोवर कर्सर उघडा, शेअर्ड लॉक चालू, दोन्ही काटे कमिटसाठी ताटकळत. आता आधी फेचऑल (सगळ्या ओळी एकदम घेणं), मग एसएमएस, मग ‘पाठवला’ची खूण एका छोट्या व्यवहारात. नियम असा लक्षात ठेवा की व्यवहार उघडा असताना नेटवर्क नाही, प्रिंटर नाही, माणसाची वाट बघणं तर अजिबात नाही.

मग वॉल

वॉल मी मुद्दाम इतक्या उशिरा सांगतोय. कारण सगळीकडे पहिला सल्ला तोच मिळतो आणि लोक तेवढंच करून थांबतात. वॉल आलं २०१० मध्ये, ३.७.० बरोबर, आणि आहे भारीच. बदल मूळ फाइलमध्ये न लिहिता शेजारच्या डॅश-वॉल फाइलला जोडत जातात, म्हणून वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही आणि लिहिणारा वाचणाऱ्याला. पण लिहिणारा एका वेळी एकच, हे तसंच राहतं. आणि वरचा साध्या बिगिनचा घोळही तसाच राहतो, फक्त नाव बदलतं. तुम्ही वाचलं, मध्ये दुसऱ्याने लिहून कमिट केलं, आता तुम्ही लिहायला गेलात तर तुमचं चित्र शिळं झालंय म्हणून लगेच ५१७. उपाय तोच, बिगिन इमिजिएट.

चालू करायला ‘प्राग्मा जर्नल_मोड = वॉल’. हे मात्र फाइलमध्ये सेव्ह होतं, एकदाच करायचं. उत्तरात ‘वॉल’ असा शब्द आलाच पाहिजे, ‘डिलीट’ आला तर झालेलं नाही. मोड बदलताना बाकी सगळी कनेक्शन्स बंद ठेवा, नाहीतर इथेच लॉक्ड येईल आणि हसं होईल.

‘सिंक्रोनस = नॉर्मल’ (प्रत्येक कमिट डिस्कवर पक्कं होईपर्यंत थांबायचं नाही) पण करा असं सगळे सांगतात, वेग वाढतो हे खरं. वॉलमध्ये नॉर्मल ठेवलं तर लाईट गेल्यावर फाइल खराब होत नाही, पण शेवटचे काही कमिट गायब होऊ शकतात. मोबाइल ॲपच्या कॅशला चालेल. इथे दहा दिवसांनी त्याच नोंदींवर शेतकऱ्याचं बिल निघतं, आणि आमच्याकडे लाईट कधी जाईल ह्याचा नेम नाही, मी फुलच ठेवलंय. एका पावतीमागे काही मिलिसेकंद जास्त गेले तर कुणाची किटली नासत नाही.

वॉलमध्ये फाइली तीन होतात, मूळ, डॅश-वॉल आणि डॅश-एसएचएम. प्रोग्राम चालू असताना पेन ड्राइव्हवर नुसती मूळ फाइल कॉपी केलीत तर ताज्या नोंदी त्यात नसतीलच. आमच्या सेक्रेटरींनी आठवडाभर तसाच बॅकअप घेतला होता, रोज मनोभावे. ‘व्हॅक्यूम इंटू’ वापरा, ३.२७ पासून आहे, चालू डेटाबेसची एकसंध कॉपी एका फाइलमध्ये मिळते. किंवा कमांड शेलमधलं डॉट-बॅकअप.

आणि वॉल नेटवर्क फोल्डरवर चालत नाही, कारण एसएचएम ही सगळ्या प्रोसेसेसनी मिळून वापरायची मेमरी आहे, ती दोन मशीनमध्ये वाटता येत नाही. रोलबॅक मोडमध्येसुद्धा नेटवर्क शेअरवरचं लॉकिंग भरवशाचं नसतं. दुसऱ्या पीसीवरून बघायचंय तर मध्ये छोटा सर्व्हर टाका किंवा सरळ पोस्टग्रेस (सर्व्हरवाला डेटाबेस) घ्या.

वॉल फाइल फुगत चालली तर? १००० पानं झाली की आपोआप चेकपॉइंट होतो, पान ४०९६ बाइटचं, म्हणजे फाइल साधारण ४ एमबीच्या आसपास राहायला पाहिजे. आमची महिनाभरात १९० एमबी झाली. रिपोर्टच्या स्क्रीनवर एक क्वेरी होती, तिच्यातून फेचवन करून पहिली ओळ घेतलेली आणि कर्सर तसाच सोडलेला, आणि तो प्रोग्राम कुणी कधी बंदच करत नव्हतं. असा जुना वाचक बसून असला की चेकपॉइंटला वॉल परत सुरुवातीपासून वापरता येत नाही, मग ती लांबतच जाते. ‘प्राग्मा वॉल_चेकपॉइंट’ चालवा, तीन आकडे येतात, दुसरा वॉलमधली एकूण पानं, तिसरा त्यातली मूळ फाइलमध्ये गेलेली. परत परत चालवूनही तिसरा एकाच जागी अडकला आणि दुसरा वाढत असला तर जुना वाचक आहे. त्याला शोधून बंद करा, मग ट्रंकेट लावून चेकपॉइंट करा, फाइल शून्यावर येते.

हे करू नका

डॅश-जर्नल किंवा डॅश-वॉल फाइल ‘लॉक’ समजून डिलीट करू नका. ती कुलूप नाही. क्रॅशनंतर उरलेल्या जर्नलमध्ये अर्धवट व्यवहार मागे घ्यायची माहिती असते, वॉलमध्ये तर कमिट झालेला डेटा असतो. डिलीट केलीत की एरर जातो आणि डेटाही जातो.

फोर्क करून (चालू प्रोसेसची नक्कल काढून) चाइल्ड प्रोसेसमध्ये आईचं, म्हणजे मूळ प्रोसेसचं, कनेक्शन वापरू नका, तिकडे नवीन उघडा. थ्रेड्स असतील तर प्रत्येकाचं आपलं कनेक्शन.

आणि हे तर मला वाचूनही आधी पटलं नव्हतं. लिनक्स-युनिक्समध्ये एखाद्या प्रोसेसने एकच फाइल दोनदा उघडली आणि त्यातली एक बंद केली, तर त्या फाइलवरची त्या प्रोसेसची सगळी लॉक्स सुटतात, दुसऱ्या हँडलवरची सुद्धा. एसक्यूलाइट स्वतःच्या कनेक्शन्सचं हे सांभाळून घेतं, पण तुम्ही त्याच प्रोग्राममध्ये साधं ओपन करून डीबी फाइलचा हॅश काढलात किंवा झिप केलीत आणि फाइल बंद केलीत, तर त्याला पत्ताही लागत नाही. मग एरर येत नाही, फाइल खराब होते. असली कामं वेगळ्या प्रोसेसमध्ये.

दुरुस्ती झाली का ते बघायचं कसं

काट्यावर जाऊन नव्हे. दोन टर्मिनलमध्ये एसक्यूलाइटचा कमांड शेल उघडा, टेस्टच्या कॉपीवर. पहिल्यात बिगिन इमिजिएट करून सोडून द्या. दुसऱ्यात डॉट-टाइमआउट ५००० देऊन बिगिन इमिजिएट, पाच सेकंद थांबून एरर आला पाहिजे. आता दुसऱ्यात साधं बिगिन, एक सिलेक्ट, मग इन्सर्ट. टाइमआउट तोच असून एरर तत्क्षणी. हा फरक एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा, माझे चार दिवस ह्यातच गेले होते. मग तुमचे दोन प्रोग्राम एका लूपमध्ये हजार-हजार नोंदी लिहायला सोडा आणि प्रत्येक राइटचा वेळ लॉग करा. सरासरी बघू नका, सगळ्यात मोठा आकडा बघा.

लॉगिंग मी नंतर काढलं नाही. २०० मिलिसेकंदांच्या वर गेलेला प्रत्येक राइट अजून फाइलमध्ये जातो. मागच्या महिन्यात तिथे सकाळी सातला रोज एक ओळ दिसायला लागली, बघितलं तर सेक्रेटरी आता व्हॅक्यूम इंटूवाला बॅकअप ऐन संकलनात घेत होते आणि डिस्क जुनी. त्यांना म्हटलं साहेब, जरा नऊनंतर घ्या.